उठता-बसता यावं म्हणून

सकाळची चूल आवरून कुणी शेळ्यांमागं असाल, कुणी वावरात, कुणी उंबऱ्यात बसून धान्य निवडत असाल. हातातलं काम थांबवू नका, काम करता करताच ऐका. मधे एकदा मात्र मी तुम्हाला उठून उभं राहायला सांगणार आहे. तेव्हा कंटाळा करायचा नाही.

मी बचत गटांचं काम बघते. महिन्यात चौदा बैठका होतात माझ्या. कर्ज, हप्ते, व्याज हे सगळं वहीत लिहिलेलं असतं, पण एक गोष्ट मला वहीबाहेर दिसली. मी या कामाला लागले तेव्हा देवळात सतरंजी टाकली की सगळ्या जणी मांडी घालून गोल करून बसायच्या. आता जावं तर भिंतीला दोन-तीन प्लॅस्टिकच्या खुर्च्या लावलेल्या असतात. "ताई, खाली बसलं की उठाय येत नाही बघा," म्हणतात. बरं, बसा खुर्चीवर. मग सहा महिन्यांनी ती खुर्चीही रिकामी दिसते. वही सुनेच्या हातून येते, पैसे नातवाच्या हातून येतात. पुढं चर्चेत तिचं नाव निघत नाही, कर्जाच्या मागणीत तिचा नंबर लागत नाही. ज्या बाईनं दारोदार फिरून दहा बायका गोळा केल्या, गट उभा केला, ती गटाबाहेर जाते. कुणी काढलेलं नसतं तिला. देवळाच्या चार पायऱ्या चढवत नाहीत, एवढंच कारण.

विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "वय झालं आता." आमच्या घरात गोष्ट घडेपर्यंत मीही हेच म्हणत होते.

तीन वर्षांपूर्वी श्रावणात आमच्या आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, ताप आला. तेव्हा त्या ६६ वर्षांच्या होत्या. आठ दिवस तालुक्याला दवाखान्यात काढले, मग घरी आणलं. ताप गेला, पण अशक्तपणा होता. मी ठरवलं, आयुष्यभर राबल्यात, आता यांना काडी हलवू द्यायची नाही. चहा खाटेवर, ताट खाटेवर, पाण्याचा तांब्या हाताशी. केस मीच विंचरायचे. आल्यागेल्या बाया म्हणायच्या, "सून असावी तर अशी." खोटं कशाला सांगू, मला बरं वाटायचं ऐकून.

पंधरा दिवसांनी त्या उठायला गेल्या तर पाय लटपटले. "पायातला जीवच गेला गं," म्हणाल्या. एका डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, वय झालंय, आराम करू द्या. म्हणून आणखी आराम दिला. दसऱ्याच्या आधी एका रात्री त्या मला न उठवता मोरीकडे निघाल्या आणि पडल्या. देवाची कृपा, हाड मोडलं नाही. पण जिल्ह्याच्या गावी नेऊन फोटो काढले, आणि तिथं एका फिजिओथेरपिस्ट ताईंकडे पाठवलं. व्यायामानं सांधे-स्नायूंवर उपचार करणाऱ्या या ताई. माझ्याहून लहानच असतील. त्यांनी विचारलं, "आजी सकाळपासून काय काय करतात?" मी अभिमानानं सांगितलं, "काही नाही. मी काडीचं काम करू देत नाही त्यांना." त्या आधी काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ताई, तापानं जेवढं गेलं नसेल तेवढं या दोन महिन्यांत गेलंय."

मला राग आला. परत येताना एसटीत मी कुणाशी बोलले नाही. पण त्यांनी जे समजावलं होतं ते डोक्यातून जाईना. तेच आज तुम्हाला सांगते.

आपण उठतो-बसतो ते हाडांच्या जिवावर नाही, मांड्यांच्या, ढुंगणाच्या आणि पोटऱ्यांच्या मांसाच्या जिवावर. यालाच स्नायू म्हणतात. तिशी-चाळिशीनंतर हे मांस थोडं थोडं कमी व्हायला लागतं, साठीनंतर जरा वेगानं. ते कुणालाच चुकत नाही. पण माणूस अंथरुणाला खिळला की जे काही वर्षांत जायचं ते काही दिवसांत जातं. २००७ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बारा धडधाकट माणसं, सरासरी वय ६७, त्यांना दहा दिवस नुसतं अंथरुणावर ठेवलं. आजार काही नाही, जेवण वेळेवर. दहा दिवसांत दोन्ही पायांचं मिळून जवळजवळ एक किलो मांस उतरलं. आत्याबाई तर दोन महिने पडून होत्या, आणि त्याही तापातून उठलेल्या.

हे आपल्याला नवीन नाही खरं तर. बैल दोन महिने दावणीला बसून राहिला तर पहिल्याच दिवशी त्याला कुणी नांगराला जुंपत नाही. आधी मोकळा फिरवतात, मग हलकं काम देतात, मग जू ठेवतात. बैलाचं कळतं आपल्याला, सासूचं कळत नाही.

आता यातली चांगली गोष्ट. गेलेली ताकद परत येते, म्हातारपणीही येते. १९९० साली अमेरिकेतल्याच बोस्टन शहरातल्या डॉक्टरांनी वृद्धाश्रमातल्या दहा जणांना मांडीच्या स्नायूंचा वजन लावून व्यायाम दिला. त्यांची वयं होती ८६ ते ९६! आठ आठवडे व्यायाम चालला, नऊ जणांनी तो पुरा केला. त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी अडीच पटीच्या वर गेली, आणि दोघांची काठी सुटली. नव्वदीत हे होत असेल तर आपल्या साठीच्या मावश्यांनी "आता काय उपयोग" म्हणू नये.

हाडांचं थोडक्यात सांगते. पाळी गेल्यावर पुढची पाच-सात वर्षं बाईची हाडं झपाट्यानं विरळ होतात, कारण हाडं राखणारं संप्रेरक अंगात कमी होतं. आपल्याकडं कितीतरी जणींची पिशवी तिशी-पस्तिशीतच काढलेली आहे. बीडकडच्या ऊसतोड बायांचा हा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला, पण तो बीडपुरता नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली असतील तर ही झीज तेव्हापासूनच सुरू होते. म्हणून आपल्या कागदांत काय काय काढलं लिहिलंय ते एकदा डॉक्टरांना किंवा नर्सताईंना वाचायला सांगा. हाडाला भार मिळाला, म्हणजे चालणं, चढणं, वजन उचलणं झालं, की ते टिकायला मदत होते. नुसतं बसून राहिलं तर हाडही आळशी होतं.

आता तुमच्या मनातलं मी बोलते. "ताई, आम्ही पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत राबतो. आम्हाला कसला व्यायाम सांगताय?" हा प्रश्न मला प्रत्येक बैठकीत येतो, आणि तो खरा आहे. शहरातल्या बाईला चालायला सांगतात तसं तुम्हाला सांगणं म्हणजे चेष्टा होईल. पण जरा बघा. भांगलायला बसलो की तीन-चार तास गुडघे मुडपलेलेच. कापूस वेचताना कंबर वाकलेलीच. एकच ढब, एकच सांधा, दिवसभर. त्यानं अंग दमतं, कंबर-गुडघे दुखतात, पण शरीराच्या सगळ्या भागांना ताकद मिळतेच असं नाही. एका पायावर तोल सांभाळणं, टाचा उचलणं, पाठ मागं ताणणं, हात वर नेणं, हे त्या कामात येत नाही. दमणं वेगळं आणि बळकट होणं वेगळं.

दुसरं असं, की आपलं काम हळूहळू कमी होत नाही, एकदम सुटतं. सून घरात आली, मुलगा नोकरीला लागला, एखादं आजारपण झालं, की पन्नास वर्षं राबलेली बाई एका महिन्यात खुर्चीत जाते. आणि मधल्या काळात घरही बदललेलं असतं. नळ दारात आला, गॅस ओट्यावर आला, पाट्याच्या जागी मिक्सर आला, संडासात कमोड बसला. यातलं काहीच वाईट नाही. परत जातं आणा असं मी कधी म्हणणार नाही. जात्यावर ज्यांनी पहाटे दळलंय त्यांना विचारा त्याचं सुख. पण पाणी आणताना चालणं होत होतं, चुलीपुढं आणि संडासला उठबस होत होती, ती सुटली. तिची जागा कशानं तरी भरायला हवी.

तर आता उठा. घरात असाल तर हातांशिवायची, टणक बैठकीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, म्हणजे मागं सरकणार नाही. पासष्टीच्या पुढच्या असाल, तोल जात असेल, तर जवळ कुणालातरी उभं करा. खुर्चीच्या मध्यावर बसा, पाय जमिनीवर पक्के टेकवा, दोन्ही हात छातीवर आडवे घ्या. नातवाला मोबाईलवर ३० सेकंद लावायला सांगा. तेवढ्या वेळात पुरतं उभं राहायचं, पुरतं बसायचं, किती वेळा होतं ते मोजायचं. हात टेकूनच उठावं लागलं तर ते शून्य धरायचं. अमेरिकेत दवाखान्यांत यासाठी एक तक्ता वापरतात. त्यात बायकांसाठी असं आहे: ६० ते ६४ वयाला १२ पेक्षा कमी झालं, ६५ ते ६९ ला ११ पेक्षा कमी, ७० ते ७९ ला १० पेक्षा कमी, तर पायांची ताकद कमी पडतेय आणि पडण्याचा धोका वाढलाय असं समजतात. आमच्या एका गटात मी हे करून बघितलं. ४८ वर्षांच्या सचिवबाईंचे नऊ झाले, आणि ज्यांना आम्ही म्हातारी म्हणतो त्या ७१ वर्षांच्या मावशींचे तेरा. मावशी अजून रोज शेळ्या घेऊन माळावर जातात. सचिवबाईंकडं स्कूटी आहे. बिचारीला त्या दिवशी सगळ्यांनी फार चिडवलं.

आकडा कमी आला म्हणून घाबरू नका. जी चाचणी आहे तोच व्यायाम आहे. रोज खुर्चीवरून उठायचं आणि सावकाश बसायचं. बसताना धपकन पडायचं नाही. मांड्या खरं काम करतात ते हळू बसतानाच. सुरुवातीला हात टेकून पाच वेळा. आठवड्यानं सात. पुढं एकाच हाताचा आधार, मग बिनहाताचं. खुर्ची खोल वाटत असेल तर वर घडी केलेली गोधडी ठेवा. आत्याबाईंसाठी आम्ही खाटेच्या पायांखाली विटा लावल्या होत्या, नीट बघून, खाट हलणार नाही अशा. उंची वाढली की उठणं सोपं होतं. पुढं ताकद आली तशा एकेक थर विटा काढल्या.

बाकीचं कामातच बसवा. चहाला आधण ठेवलं की ओट्याला हात धरून टाचा उचला, चवड्यांवर उभं राहा, हळू खाली या. दहा वेळा होतं तोवर चहा उकळतो. यानं पोटऱ्या घट्ट होतात आणि ठेच लागली तर पाय सावरतो. मग एक पाय जरासा उचलून मनातल्या मनात दहा मोजा, हात ओट्याजवळच ठेवा. दुसऱ्या पायावर पुन्हा. हा तोलाचा सराव. माणूस पडतं ते ताकद नसते म्हणून, तसंच तोल सावरायची सवय गेलेली असते म्हणूनही पडतं. हातांसाठी पाण्यानं भरलेल्या लिटरच्या दोन बाटल्या पुरतात. आणि चालणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत ६५ वर्षांच्या पुढच्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं, जरा दम लागेल पण बोलता येईल अशी हालचाल सांगितलीय, आणि शिवाय आठवड्यातले तीन दिवस तोल आणि ताकद यांचा सराव. म्हणजे रोज अर्धा तास धरला तरी पाच दिवसांत दीडशे होतात. सलग जमत नसेल तर दहा-दहा मिनिटं करा. जे होईल ते काहीच न होण्यापेक्षा चांगलं.

काही जणींना लाज वाटते. "म्हातारी कवायत करतीया म्हणून पोरं हसत्यात." मग कवायत म्हणू नका. आमच्या एका गटात बैठक संपली की दहा मिनिटं झिम्मा खेळतात, सावकाश, उड्या न मारता. मंगळागौरीच्या खेळांत एका पायावरचा तोल आहे, वळणं आहे, हात वर नेणं आहे, वाकणं आहे. आपल्या आज्यांनी खेळ म्हणून जे केलं त्यात सगळं होतं. फुगडी मात्र गुडघे धड असलेल्यांनीच घालावी, हे माझं मत.

आता गुडघ्यांचं. "ताई, गुडघ्यातलं वंगण संपलंय, मी कशी उठबस करू?" वंगण संपलं असं आपण म्हणतो, पण गुडघा म्हणजे डिझेल इंजिन नाही. दोन हाडांच्या टोकांवर गुळगुळीत गादी असते, ती झिजते. त्या गादीला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या पाण्यातूनच तिचं पोषण होतं, आणि ते पाणी तिच्यात आत-बाहेर व्हायला सांधा हलावा लागतो, स्पंज दाबला-सोडला की पाणी खेळतं तसं. गुडघा धरून बसलं की गादीही उपाशी आणि मांडीही बारीक होते. मांडी बारीक झाली की सगळा भार परत गुडघ्यावरच. म्हणून दुखणाऱ्या गुडघ्यालाही व्यायाम लागतो, फक्त बेतानं. खुर्चीवर बसून एक पाय सरळ पुढं ताणायचा, मांडी कडक करायची, पाच मोजायचे, सोडायचा. दहा वेळा या पायानं, दहा वेळा त्या. करताना थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत थांबलं, तर चालेल. सकाळी सूज आली, गुडघा गरम लागला, दुखणं वाढलं, तर पुढच्या खेपेला निम्मं करा. भांगलताना उकिडवं बसण्याऐवजी लहान पाट किंवा बुटकं स्टूल घ्या आणि अर्ध्या तासानं एकदा उठून पाठ मागं ताणा. मुकादम काही म्हणाला तर माझं नाव सांगा.

काही वेळा मात्र थांबायचंच. छातीत दुखलं, दाटून आलं, चक्कर आली, नेहमीपेक्षा वेगळाच दम लागला, एका पोटरीला अचानक सूज आली, तर व्यायाम बंद आणि दवाखाना. हृदयाचा त्रास आहे, नुकतं ऑपरेशन झालंय, हाड मोडलंय, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. आणि बीपीच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असताना उठल्यावर अंधारी येत असेल तर तेही सांगा, गोळीचा डोस बघावा लागतो. आशाताई वजन-बीपी बघायला येतात तेव्हा हे विचारायला लाजू नका.

पडल्यावर उठायचं कसं, हेही शिकून ठेवायला हवं. आम्ही सतरंजीवर याचा सराव घेतो. पडल्या पडल्या धडपडायचं नाही. आधी श्वास घ्या, हातपाय हलवून बघा. मग कुशीवर वळा, कोपरावर भार द्या, रांगायला या. रांगत खाटेपाशी किंवा खुर्चीपाशी जा. दोन्ही हात वर टेका, बळकट पायाचं पाऊल पुढं जमिनीवर ठेवा, रेटा देऊन उठा आणि वळून बसा. पण खुब्यात भयंकर दुखत असेल, पाय बाहेरच्या बाजूला वळलेला किंवा आखूड झालेला दिसत असेल, तर बाईला ओढून उठवू नका. १०८ ला फोन करा.

ताकदीला खाणंही लागतं, आणि इथं मला जरा कडक बोलायचंय. आपण सगळ्यांच्या शेवटी जेवतो. डाळ वाढून वाढून खाली जे उरतं ते आमटीचं पाणी, त्यात भाकरी कुस्करायची. मांस व्हायला प्रथिनं लागतात, ती डाळीत आहेत, मटकी-हुलग्यात आहेत, शेंगदाण्यात, दुधा-ताकात, अंड्यात आहेत. डेअरीला दूध घालणाऱ्या घरात बाईच्या वाट्याला पेलाभर दूध नसतं, हे मी माझ्या डोळ्यांनी बघते. घरच्या कोंबडीचं अंडं विकायच्या आधी आठवड्यातली दोन-तीन आपल्यासाठी ठेवा. कुणी काही म्हणत नाही, आपणच घेत नाही.

घराचंही बघा. शेवाळलेली मोरी, अंधारात आडवा येणारा उंबरा, झिजलेली स्लीपर, वर्षानुवर्षं न बदललेला चष्मा, ही पडण्याची नेहमीची ठिकाणं. आमच्या एका गटानं अंतर्गत कर्जातून दोघींना संडासात लोखंडी पाइपचा दांडा बसवायला पैसे दिले. शेळीला कर्ज देतो तसं दांड्याला दिलं. आधी बऱ्याच जणी हसल्या होत्या. काठी, वॉकर, कमोडची खुर्ची यांसाठी राज्य शासनानं २०२४ साली ६५ वर्षं पूर्ण झालेल्यांना एकदाच ३००० रुपये देणारी मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली; उत्पन्नाची वगैरे अट आहे, तेव्हा सध्या अर्ज घेतात का ते समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्या. काठी वापरण्यात कमीपणा मानू नका. काठी धरून चालणारी बाई चालतेच आहे.

सुनांनो, आता तुमच्याशी. मी सांगते म्हणून उद्यापासून सासूबाईंना हंडे उचलायला लावू नका. सत्तरीतही ज्या सगळं घर ओढतात त्यांना विश्रांतीच पाहिजे, त्यांचं काम वाटून घ्या. पण ज्यांना जमतंय त्यांच्या हातातून ते काढून घेऊ नका. तांब्या हातात देण्याऐवजी चार पावलांवर ठेवा. वेळ लागतो, आपला जीव कासावीस होतो, आपण पुढं होऊन करून टाकतो. तेवढं थांबायचं. मला हेच सगळ्यांत अवघड गेलं.

आत्याबाईंनी दिवाळीच्या आधी सुरुवात केली. पहिल्या दिवशी दोनदा उठल्या, तेही मला धरून. मग दारापर्यंत. मग अंगणापर्यंत. सकाळी खुराडं उघडून कोंबड्या सोडायचं काम त्यांच्याकडं दिलं. ते रोजचं होतं, टाळता येत नव्हतं. त्या वाकून कडी काढायच्या आणि मी आत दाराआड श्वास धरून उभी राहायचे. शेजारची एक काकू ऐकू येईल असं बोलली, "आजारी सासूला कामाला लावलीया." मला रडूच आलं. आत्याबाई तिथूनच ओरडल्या, "मला बांधून घाल म्हणावं दावणीला, मंग बरं दिसंल तुला!"

सगळं पहिल्यासारखं झालं असं नाही. जमिनीवर मांडी घालून त्या अजून बसत नाहीत, आणि पुढंही बसतील असं मला वाटत नाही. पावसात कंबर धरते तेव्हा दोन-दोन दिवस व्यायाम बुडतो आणि परत मागून सुरुवात करावी लागते. पण रात्री मोरीकडं एकट्या जातात. दिवा लावून, भिंत धरून.

त्या आमच्या गावातल्या पहिल्या गटाच्या सभासद आहेत. आजारपणात त्यांची बचत मीच भरत होते, वही माझ्याच हातून जात होती. मार्च महिन्यात त्या देवळाच्या चार पायऱ्या चढल्या. एक पायरी, थांबा. एक पायरी, थांबा. वर सगळ्या गप्प बसून बघत होत्या. आत आल्या, खुर्चीवर बसल्या, दम खाल्ला आणि मला म्हणाल्या, "माझा गैरहजेरीचा दंड किती झाला गं?"

आमच्या गटात न आलेल्या बैठकीला दहा रुपये दंड आहे. सात बैठका चुकल्या होत्या. अध्यक्षबाई म्हणाल्या, आजारी होतात, दंड माफ. आत्याबाईंनी ऐकलं नाही. कमरेची चंची काढली, सत्तर रुपये मोजून माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाल्या, "वहीत लिही, माझ्या म्होरं."